तरफा कुणाला बोलतात

शाहूपुरी, कोल्हापूर
ता. ४ नोव्हेंबर १९०७

मीरासाब,

तू जिवंत आहेस हे मला मिरजेच्या गुळाच्या गिऱ्हाइकांकडून कळतं, तुझ्याकडून नाही. उचगावच्या शाळेत एका पाटीवर आपण अक्षरं गिरवली ती काय पुढं नुसत्या सतारींच्या खुंट्या पिळायला? असो. भांडण भेटल्यावर करू. आज काम आहे म्हणून लिहितो.

माझी धाकटी बहीण अंजना. तिच्या लग्नात तू जेवून गेला होतास. वर्षाच्या आत ती कपाळ पुसून परत आली, तेव्हापासून माझ्याकडेच आहे. घरात ती आहे हे कधी कधी कळतसुद्धा नाही, इतकी गप्प. तीन वर्षांपूर्वी आमच्या माडीवर गणपतराव म्हणून एक म्हातारे सतारिये भाड्यानं राहायला आले. अंजना जिन्यात बसून ऐकायची. एक दिवस त्यांनीच तिला वर बोलावलं. त्यावर आक्कानं, म्हणजे आमच्या थोरल्या बहिणीनं, चूल बंद ठेवली. मी म्हटलं, महाराज राज्यभर मुलींना शिकवा म्हणून सांगतात, आणि माझ्या घरात एक शिकते तर मीच उपाशी. शेवटी आक्का नमली.

आता अडचण अशी की अंजना गणपतरावांच्याच जुन्या सतारीवर शिकते. तिची दांडी वाकली आहे आणि तारा दांडीवरच्या पडद्यांपासून इतक्या वर आल्या आहेत की दाबताना बोटं सोलून निघतात. काल गणपतरावांनी मला अडवून सांगितलं, "शेठ, पोरीचा हात फुडं गेलाय आन् सतार मागं ऱ्हायलीया. आनी थोडं दिस हिच्यावर वाजवलं तर हात कायमचा बिघडंल. तिची सतार तिला द्या, न्हायतर शिकवणी थांबवू या." वर आणखी एक तक्रार केली. कुणी खोलीत आलं की ती हात उचलते. वाजवताना मी दारात आलो तरी थांबते.

शिकवणी थांबली तर ही मुलगी पुन्हा जिन्यात जाऊन बसेल, आणि या खेपेला वर कुणी वाजवणारंही नसेल. मला ते बघवणार नाही. तेव्हा सांग, कशी सतार घेऊ? ती किडकिडीत आहे, लहान आकाराची बरी का?

एक अट आहे. आम्ही जैन. सतारीची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, हाडाची असते म्हणे. गणपतरावांची असेल तर असो, ती माडीवर, भाडेकरूच्या हद्दीत. माझ्या हद्दीत हाड नको. लाकूड चिकटवायचा सरसही कातड्याचा असतो असं कुणीतरी म्हणालं, ते मी ऐकलंच नाही असं समज.

तुझा
धनपाल


मिरज
ता. ९ नोव्हेंबर १९०७

धनपाल दोस्ता,

तुझं पत्र वाचून इतक्या मोठ्यानं हसलो की माझा धाकटा भाऊ शमशुद्दीन हातातला रंधा टाकून काय झालं म्हणून बघायला आला. सरसाचं मीही काही लिहिलेलं नाही असं तू समज.

लहान सतार घेऊ नकोस. शिकणाऱ्याला लोक हलकी, आखूड सतार घेऊन देतात आणि मग आवाज निघत नाही म्हणून त्यालाच बोल लावतात. तिच्या आजच्या हाताला नव्हे, तीन वर्षांनंतरच्या हाताला सतार घ्यायची. दांडी जुन्या लाकडाची असावी, नव्या लाकडाला पावसाळ्यात बाक येतो. भोपळा जाड नको, तिच्या कुशीत बसेल एवढा पुरे. बाकी किडकिडीतपणाचा काही संबंध नाही, पंजाचा आहे. अंजनाला पंजा पसरायला सांग, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत दोरा धर, गाठ मारून पाकिटात घालून पाठव.

घोडीचं म्हणशील तर लाकडाची बसवून देतो, पण मग सतार पडसं झाल्यासारखी बोलेल. माझ्याकडे एकच आहे जी तुझ्या उंबऱ्यातून आत येईल. तिची घोडी सांबराच्या शिंगाची आहे. आजऱ्याच्या रानात सांबरांची शिंगं दर साल आपोआप गळून पडतात, ती वेचून आणलेली. कुणाचा जीव घेतलेला नाही. शेडबाळच्या एका जैन पाटलानं सांगून करवून घेतली होती. आठ वर्षांपूर्वी गाठीच्या साथीत, प्लेगात, पाटील गेला, न्यायला कुणी आलं नाही. त्याच साथीत माझी मदिनाही गेली. त्या सतारीच्या तारा तिनंच ओवल्या होत्या, तिच्या हातची ती शेवटचीच. तेव्हापासून दुकानात खुंटीवर आहे. मध्यंतरी दोघांनी विकत नेली आणि लगेच परत आणली. खोट काय ते सांगेनात. माझ्या कानाला तर खोट सापडली नाही, आणि माझा कान कसा आहे ते तू मिरजेत कुणालाही विचार.

आमच्या बापाच्या वेळेपासून दुकानाची एक रीत आहे, ती पाळावी लागेल. वरच्या तारांखाली बारीक तारा असतात, त्यांना तरफा म्हणतात. त्यांना कुणी हात लावत नाही. त्यांच्या सुराशी जुळणारा आवाज जवळ झाला की त्या आपल्या आपण घुमतात, माणसाच्या बोलण्यानंही घुमतात. तेव्हा सतार आली की आठवडाभर वाजवायची नाही. गवसणी काढून घरात मधोमध ठेवायची आणि घरच्यांनी नेहमीसारखं बोलायचं. सगळ्यांना बोलते ती सतार वाचाळ, परत पाठव. कुणालाच बोलत नाही ती बहिरी, तीही परत पाठव. घरातल्या एकालाच बोलते ती त्या माणसाची.

दोऱ्याची वाट बघतो.

मीरासाब


कोल्हापूर
ता. २ डिसेंबर १९०७

मीरा,

शमशुद्दीन सतार घेऊन गाडीनं सुखरूप आला, जेवला, परत गेला. दोऱ्याची गाठ त्या दांडीच्या पडद्यांना अशी बसली की सतार मापच घेऊन केली असावी, असं तो सांगत होता. सतार देखणी आहे. अंजनानं ती बघितली आणि पदराच्या टोकानं भोपळा पुसला. मी इतकी वर्षं तिला बघतोय, मला तेवढं पुरे.

तुझ्या रीतीप्रमाणे माजघरात मधोमध पाटावर ठेवली. आठवडा झाला. आता ऐक.

माझा आवाज तुला माहीत आहे. बाजारात मी लिलाव पुकारला की पंचगंगेपलीकडं कळतं म्हणतात. मी पाटासमोर उभा राहून हमालांना शिव्या घातल्या, तरफा ढिम्म. आक्का बोलली, काही नाही. गणपतराव बोलले, खाकरले, पूर्वीच्या गवयांची निंदा केली, काही नाही. अंजना तर घरात कुजबुजण्यापलीकडं बोलतच नाही. मी म्हटलं, बहिरी दिसते, परत पाठवावी.

तर परवा दुपारी मी जेवून आडवा झालो होतो. आक्का मागच्या अंगणात धान्य निवडत होती, अंजना तिच्याजवळ. माजघर रिकामं. मागच्या गल्लीतल्या मशिदीची बांग झाली, आणि थोड्या वेळानं तरफा घुमायला लागल्या. एकदम सगळ्या नव्हे. एक, मग दुसरी, मग पहिली. जसं कुणी सुरात काही म्हणतंय आणि त्या ऐकून उत्तर देताहेत. फक्त म्हणणाऱ्याचा आवाज तेवढा नव्हता.

उठून दारात गेलो. कुणी नाही. तारा थरथरत होत्या, मी डोळ्यांनी बघितल्या. मग मध्येच तुटलं. काल पुन्हा तसंच, आज पुन्हा. मी भित्रा नाही, पण आज मी माजघरातून न जाता अंगणाला वळसा घालून दुकानावर गेलो.

हे काय आहे?

धनपाल


मिरज
ता. ५ डिसेंबर १९०७

धनपाल,

इतका मोठा गुळाचा अडत्या आणि भर दुपारी भितोस, हे मी उचगावात जाऊन सांगणार आहे.

अरे, माजघरात तांब्या-पितळेची भांडी किती असतील तुझ्या. एखादं घंगाळ, एखादी समई, एखाद्या हंड्याचं झाकण. बाजारातून गूळ लादलेली गाडी गेली की जमीन हादरते, भांडं वाजतं, तुला ऐकू येत नाही पण तरफेला येतं. त्या फार हुशार असतात. दुपारी बाजार भरात असतो म्हणून दुपारी. एकेक वस्तू खोलीबाहेर काढ आणि बघ. ज्या वस्तूबरोबर आवाज बंद होईल ती तुझं भूत.

सतार परत पाठवू नकोस. मी पंचवीस वर्षं हे काम करतो. वाद्य वेडं नसतं, घर वेडं असतं.

मीरासाब


कोल्हापूर
ता. १८ डिसेंबर १९०७

मीरासाब,

घंगाळ काढलं. समया काढल्या. हंडे, पराती, देव्हाऱ्यातली घंटा, पाळण्याच्या कड्या, सगळं अंगणात मांडलं. शेजाऱ्यांना वाटलं घर विकतोय. बाजार बंद होता त्या दिवशीही बघितलं. रिकाम्या खोलीत एक पाट आणि एक सतार, आणि बांग झाल्यावर तरफा घुमल्याच. आता घर वेडं म्हणालास तर भांडण होईल.

रोज तेच म्हणणं असतं आणि रोज एकाच जागी तुटतं. संपत नाही, तुटतं. कुणी खोलीत पाऊल टाकलं आणि बोलणारा गप्प झाला असं. पण कुणी आलेलं नसतं. शुक्रवारी मात्र जरा पुढं जातं, का कोण जाणे, दोनेक ओळी जास्त, आणि मग तसंच तुटतं. अंजना दाराआड बसून कोणती तरफ कधी घुमते ते टिपते. तिनं सूर लिहून दिले, ते असे: ग म प, ध प, म ग. पुन्हा ग म प, नी ध प. मग म, आणि थांबतं.

आता जे लिहितो ते तुझ्यापाशी राहू दे. त्याच माजघरात माझा संसार मोडला, पद्मावती गेली, चार वर्षं झाली. मला वाटलं, तीच असणार. दुसरं कोण असेल? तेव्हा मी दुपारी दार लोटून आत बसायला लागलो. ते सुरू व्हायचं आणि मी हळूच बोलायचो. गुळाला यंदा रंग चांगला आहे, आक्काचे गुडघे दुखतात, तुझी पैठणी मी अंजनाला द्यायला गेलो तर तिनं हात लावला नाही. मी बसलेलो असूनही ते थांबायचं नाही, आपल्या जागीच तुटायचं. मला फार बरं वाटायचं मीरा. चार वर्षांत मी कुणाशी इतकं बोललो नव्हतो.

काल आक्कानं मला आत बसलेलं बघितलं. उंबऱ्यावर उभी राहून तिनं पुरतं ऐकलं आणि म्हणाली, "ही आपली पद्मी न्हवं रे. पद्मीला गानं कुटलं येत हुतं? ही कोण परकी बाई हाय. कुनाच्या घरची लक्ष्मी आपल्या घरात आणून बसवलीयास?" ते खरं होतं. पद्मावतीला दोन सूर लागत नव्हते. मला ते माहीत असून मी विसरलो होतो.

आक्कानं सांगितलंय की संक्रांत झाली की ही सतार घराबाहेर, आणि पुन्हा दुसरी आत येणार नाही. गणपतरावांनाही माडी सोडायला सांगणार म्हणते. अंजना रात्री जेवली नाही.

तू काय ते सांग. या वेळी हसू नकोस.

धनपाल


मिरज
ता. २४ डिसेंबर १९०७

धनपाल,

हसलो नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी एका सतारीला पडदे बांधत होतो. अंजनानं लिहिलेले सूर त्याच सतारीवर वाजवून बघितले, सहज, काय आहे ते कळावं म्हणून. नी ध प पर्यंत आलो आणि मागं काहीतरी पडलं. शमशुद्दीनच्या हातातून लाकूड तासायचा वाकस खाली पडला होता. तो म्हणाला, "भाई, ये तो भाभी का है."

मदिनाचं आहे. आमच्या दुकानातल्या तरफा ती ओवायची. बायकांची बोटं बारीक, म्हणून ते काम घरच्या बायकांकडे. दुपारची बांग झाली की आम्ही सगळे पुरुष नमाजेला जायचो, दुकान रिकामं व्हायचं, तेव्हा ती आतून येऊन बसायची, तारा ओवायची आणि हे गायची. तिच्या माहेरचं काहीतरी होतं. आमच्यात बायका पुरुषांदेखत गात नाहीत. मी परत आलो, पायरीवर पाय दिला की ती थांबायची, डोक्यावर पदर घ्यायची आणि आत जायची. मी कितीदा ऐकलं असेल, पण नेहमी पायरीपर्यंतच. त्याचा शेवट काय आहे ते मला माहीत नाही. मी कधी विचारलंही नाही. नवऱ्यानं असं विचारायचं नसतं, आणि मला वाटायचं, आहे की ती घरात, ऐकू कधीतरी.

दांडीचं मापही आठवलं. पडद्यांवर पंजा टाकून बघायला मी तिलाच बोलवायचो.

आता ज्यानं मला झोप नाही ते लिहितो. रोज एकाच जागी तुटतं म्हणालास. शुक्रवारी जरा पुढं जातं म्हणालास. धनपाल, शुक्रवारी मशिदीत खुतबा, म्हणजे इमामाचं प्रवचन असतं. शुक्रवारी मला परत यायला उशीर होतो.

मी अजून रोज नमाजेहून येतो आणि त्याच पायरीवर पाय देतो.

सतार मला परत हवी असं मन म्हणतं. ती बाई माझी आहे. पण इथं ती आठ वर्षं माझ्या डोक्यावर खुंटीला टांगलेली होती आणि मला एक सूर ऐकू आला नाही. मी यायचो आणि ती थांबायची. परत आणून काय होईल?

मीरासाब


कोल्हापूर
ता. ३० डिसेंबर १९०७

मीरा,

पत्र दोनदा वाचलं, मग आक्काला वाचून दाखवलं. तिनं हातातलं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "आसंल. परक्याच्या घरात ऱ्हायलीया बिचारी, तरी कुनाला तरास न्हाय दिला." आणि उठून माजघरात गेली आणि पाटाखाली चटई घातली.

मला लाज वाटते. पंधरा दिवस मी तुझ्या बायकोला माझ्या घरच्या कटकटी सांगत होतो. भेटशील तेव्हा दोन शिव्या दे.

पण अंजनानं आज एक गोष्ट सुचवली, आपण होऊन, मान वर करून. म्हणाली, "दादा, मीरादादांना म्हणावं, एक दिवस आत जाऊ नका. पायरीच्या खालीच बसा." तिला हे सुचलं याचं मला आधी नवल वाटलं. मग वाटलं, तिला नाही सुचणार तर कुणाला.

सोमवारी, सहा तारखेला, नमाजेहून ये आणि पायरीखाली बस. आत पाय टाकू नकोस, शमशुद्दीनलाही टाकू देऊ नकोस. इथं आम्ही ऐकतो.

धनपाल


कोल्हापूर
ता. ७ जानेवारी १९०८

मीरादादांना अंजनाचा नमस्कार.

दादा म्हणाले, तूच लिही, मला जमणार नाही. काल बांग झाली तेव्हा आम्ही चौघं दाराबाहेर बसलो होतो, गणपतरावही. सुरू झालं. रोजच्या जागेपाशी आलं तेव्हा आक्कानं माझा हात धरला. ते थांबलं नाही. शुक्रवारच्या जागेपाशी आलं, तिथंही थांबलं नाही. पुढं वर चढलं, बराच वेळ वर राहिलं, मग पायरी पायरीनं खाली आलं आणि ‘सा’वर येऊन पुरं झालं. मग बराच वेळ तो एक सूर राहिला.

तुम्ही पायरीखाली बसला होतात हे आम्हाला इथं कळलं. पत्राची वाट बघावी लागली नाही.

आज पुन्हा तसंच झालं. मी सगळं टिपलं आहे. सूर लिहून पाठवू का, की तुम्ही ऐकायला याल? वाजवायची परवानगी दिलीत तर मी बसवीन. मला कुणादेखत वाजवता येत नाही, पण तुम्ही दाराबाहेर बसलात तर येईल.

अंजना


मिरज
ता. ११ जानेवारी १९०८

अंजना बहिणी,

सूर लिहून पाठवू नकोस. कागदावरून मी ते वाजवीन आणि माझा हात त्यात स्वतःचं काहीतरी घालील, ही आमची सवय वाईट आहे. तुझ्या हातून ऐकेन. परवानगी कसली मागतेस, माप तुझ्या हाताचं आहे.

मी रोज पायरीखाली बसतो. लोकांना वाटतं ऊन खातोय. मला इथं काहीच ऐकू येत नाही, पण तिकडं ती शेवटपर्यंत जाते आहे हे माहीत असलं की बसवतं. इतकी वर्षं दोन मिनिटं थांबलो असतो तर, असं रोज मनात येतं. मग म्हणतो, जाऊ दे, आता तरी थांबलो.

यंदा ईद आणि संक्रांत लागूनच आल्या आहेत. इथलं उरकलं की शनिवारी, पंचवीस तारखेला, सकाळच्या गाडीनं येतो. दाराबाहेर बसेन. आत ये म्हणून धनपालनं ओढलं तरी येणार नाही.

मीरासाब


कोल्हापूर
ता. २२ जानेवारी १९०८, बुधवार संध्याकाळ

मीरा,

आज तू आत का गेलास?

सगळं ठरलेलं असताना, शनिवारी येणार असताना, आजच पाय टाकायची काय गरज होती? जुन्या जागेवर आलं आणि तुटलं. तसंच, पहिल्यासारखं. अंजनाचा चेहरा मला बघवेना. मी तुला शिव्या घालत उठलो.

आणि मग पुन्हा सुरू झालं. जिथं तुटलं होतं तिथूनच. आधी अगदी बारीक, चाचरत, एकेक तरफ, जसं कुणी लाजत लाजत म्हणतं. मग मोकळं झालं. शेवटपर्यंत गेलं, आणि शेवट झाल्यावर पहिल्यापासून पुन्हा एकदा सगळं. इतका वेळ ते कधी चाललं नव्हतं. मग बंद झालं. बंद झाल्यावर खोली इतकी रिकामी वाटली की आक्का आपण होऊन देवापाशी जाऊन बसली.

तू आत गेल्यावर ती थांबून राहिली नाही मीरा. तू आत असताना ती गायली. याचा अर्थ मला लावायचा नाही. हे पत्र मिळताच दोन ओळी लिही. शनिवारची वाट बघू नकोस, उद्याच्याच गाडीनं ये.

धनपाल


मिरज
ता. २४ जानेवारी १९०८

धनपालशेठ,

तुमचं पत्र काल आलं. ज्यांच्या नावानं आलं ते मीरासाबभाई बुधवारी दुपारी अल्लाला प्यारे झाले. मी त्यांचा भाऊ शमशुद्दीन लिहितो.

आम्ही दोघं नमाजेहून बरोबरच आलो. तब्येत चांगली होती. नेहमीप्रमाणे पायरीखाली बसले, मी शेजारी. थोड्या वेळानं त्यांनी मान दुकानाकडं वळवली. म्हणाले, "बुलाती है." मी म्हटलं, भाई, कोण? ते उठले, चपला खाली काढल्या आणि पायरी चढून आत गेले. तुमच्याशी काय ठरलंय ते मला माहीत होतं, मी हात धरायला हवा होता. पण त्यांचा चेहरा बघून हात पुढं झाला नाही.

मी बाहेरच राहिलो. आत काही आवाज नव्हता. नंतर गेलो तेव्हा ते त्या रिकाम्या खुंटीखाली भिंतीला टेकून बसले होते, मान जराशी तिरकी, ऐकताना ते करायचे तशी. अंजनाबाईंचा गाठीचा दोरा त्यांच्या हातात होता.

तुम्ही लिहिलंत ते मी त्यांच्या कबरीपाशी वाचून दाखवलं.

सतारीचं दुकानाच्या रीतीनंच होऊ दे. कुणाला बोलते ते बघा. कुणालाच बोलत नसेल तर मी येऊन घेऊन जाईन.

शमशुद्दीन


कोल्हापूर
ता. ९ फेब्रुवारी १९०८

शमशुद्दीनदादांना अंजनाचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा दादांनी पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि कागद माझ्या हातात दिला. उरलेलं त्यांना वाचवेना. मी माजघरात पाटाजवळ उभी होते. दादा, आक्का, गणपतराव सगळ्यांना ऐकू जायला हवं म्हणून मोठ्यानं वाचायला लागले. इतक्या मोठ्यानं मी या घरात कधी बोलले नव्हते. "बुलाती है" हे शब्द वाचले आणि पायाशी तरफा घुमल्या. मी थांबले, त्या थांबल्या. पुढं वाचलं, त्या पुन्हा घुमल्या. पत्र संपेपर्यंत माझ्या प्रत्येक वाक्याला त्या बोलत होत्या. नंतर दादा बोलले, गणपतराव बोलले, तेव्हा गप्प होत्या.

आक्का म्हणाली, "तुजी हाय ती. आता परत कुटं न्हेतीस?"

त्या बुधवारनंतर दुपारी काही होत नाही. बांग होते, आम्ही ऐकतो, खोली गप्प असते. दादा पहिले काही दिवस दाराबाहेर जाऊन बसायचे. ते फार थकले आहेत. बाजारात लिलावही हळू पुकारतात, असं हमाल सांगतात. तुम्ही एकदा येऊन जा, त्यांना बरं वाटेल.

तुम्ही आलात तर दुपारी या. बांग झाली की मी मदिनाभाभींचं वाजवते. पहिल्यांदा दार लोटून वाजवलं, पण अर्ध्यावर आल्यावर उठून मीच ते उघडलं. आता दार उघडं असतं. आक्का येते, दादा येतात, काल गुळाचा एक व्यापारी चुकून थेट माजघरात आला आणि ऐकत उभा राहिला. कुणी आत आलं तरी मी थांबत नाही.

अंजना